सरळ तासांची मांडणी

१

ऑर्फा स्टकीला गावात कुणी टाक्यांसाठी ओळखत नसे. टाके तिचे बरे होते, म्हणजे वाईट नव्हते. पण चर्चच्या बायकांच्या शिवणमंडळात तिच्यापेक्षा बारीक टाके घालणाऱ्या सहाजणी होत्या, आणि त्या सहाहीजणी हे संधी मिळेल तेव्हा सांगत. ऑर्फाचं काम टाक्यांच्या आधीचं. बायका आपापल्या घरी गोधडीचे चौकोन शिवत आणि ते सगळे ऑर्फाकडे येत. कुठला चौकोन कुठे बसायचा, त्याची कुठली बाजू वर, कुठल्या तपकिरीशेजारी कुठला निळा नांदेल आणि कुठला भांडेल, हे ती ठरवी. एकतीस वर्षं हे चाललं होतं. तिने मांडणी ठरवली की पास्टरसुद्धा त्यात बोलत नसत, आणि ते गव्हाच्या भावातही बोलत.

एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यभरच्या मेनोनाइट पंथाच्या ख्रिस्ती मंडळींचा मोठा लिलाव असे. तिथे गोधड्या विकून दूरदेशीच्या भुकेल्यांसाठी पैसे जमत. त्या वर्षी मंडळाने ‘ओंडक्यांचं घर’ हा नमुना घेतला होता. चौकोनाच्या मधोमध लाल कापडाचा छोटा चौरस, ती घरातली चूल. तिच्याभोवती ओंडके रचावेत तशा कापडाच्या पट्ट्या; निम्मा चौकोन उजळ, निम्मा गडद, मधून तिरकी सीमा. सगळे चौकोन सारखेच. सगळी करामत ते कसे फिरवून लावता त्यात. एक फिरवला की शेजारच्याचं तोंड बदलतं. ऑर्फाने ‘सरळ तास’ मांडायचं ठरवलं होतं : उजळ आणि गडद पट्टे भिंतभर तिरके धावतात, नुकत्या नांगरलेल्या शेतातल्या तासांसारखे. सोपी मांडणी आहे, असं ज्यांनी कधी केली नाही ते म्हणतात.

रस्त्याकडच्या खोलीत, जी एकेकाळी तिच्या मुलाची होती, एका भिंतीला वरपासून खालपर्यंत साय-रंगाचं फ्लॅनेल ठोकलेलं होतं. फ्लॅनेलला सुती कापड टाचणीशिवाय चिकटतं. मंगळवारी संध्याकाळपर्यंत तिने बहात्तर चौकोन लावले. आडवे आठ, उभे नऊ. मग डोळे किलकिले करून पाहिलं. मग दारात उभं राहून, तिच्या दिवंगत नवऱ्याची, वॉल्डोची, जुनी दुर्बीण उलट्या बाजूने डोळ्यांना लावली. उलट्या दुर्बिणीतून भिंत मैलभर लांब जाते आणि चूक असेल तर लगेच दिसते. जवळून पाहिलं तर माणसाला स्वतःच्या चुका आवडायला लागतात.

चूक नव्हती. दूरवर पसरलेलं, सरळ तासांचं, रिकामं शेत. आता रिवाजाप्रमाणे मांडणी काही दिवस मुरू द्यायची, काकडीच्या लोणच्यासारखी. मग प्रत्येक चौकोनाला ओळीच्या आणि जागेच्या आकड्याची चिठ्ठी लावायची, आणि पुढच्या गुरुवारी बायकांना बोलवायचं.

दोन दिवसांनी ती कॉफीचा कप घेऊन खोलीत गेली. सगळ्यात वरच्या ओळीतला सहावा चौकोन फिरलेला होता.

पडलेला नव्हता, सरकलेला नव्हता. पाव फेरा फिरवून, कडेला कड जुळवून, नीट दाबून बसवलेला होता. उजळ पट्ट्याच्या टोकाला त्यामुळे एक गडद ठिपका उमटला होता.

ऑर्फाला भीती वाटली नाही. तिला राग आला. आणि राग कुणाचा हेही तिला लगेच कळलं.

२

अ‍ॅडिना ही ऑर्फाची नणंद. वॉल्डोपेक्षा चार वर्षांनी मोठी आणि, तिच्या स्वतःच्या मते, देवापेक्षा थोडीच लहान. बुधवारी ती येऊन गेली होती, आणि हात धुण्याच्या निमित्ताने दहा मिनिटं आत होती.

अ‍ॅडिनाचं एक मत होतं, आणि ते तिच्या आजीकडून आलेलं असल्यामुळे बदलण्याची सोय नव्हती. निर्दोष काम फक्त देवाने करावं. म्हणून गोधडीत एक चौकोन मुद्दाम उलटा लावावा. नम्रतेचा चौकोन. ऑर्फाला ही कल्पना एकतीस वर्षं डाचत आली होती. तिचं म्हणणं असं, की मुद्दाम एक चूक करायची तर बाकीचं सगळं बिनचूक आहे अशी आधी खात्री पाहिजे. त्याला नम्रता म्हणत असतील तर गर्व कशाला म्हणतात, ते एकदा कुणीतरी सांगावं.

अ‍ॅडिना शुक्रवारी झ्वीबाक घेऊन आली. मोठ्या पावावर छोटा पाव बसवलेले ते जोडपाव तिने टेबलावर ठेवले, आणि बसायच्या आत ऑर्फाने विचारलं, “वन्सं, वरच्या ओळीतला सहावा तुम्ही फिरवलात?”

“कुठल्या वरच्या?”

“मला माहीत आहे आणि तुम्हालाही माहीत आहे. मी तो सरळ केलाय. तुमची नम्रता तुमच्या गोधडीत घाला.”

अ‍ॅडिनाने पावाचं डोकं उपटून लोण्यात बुडवलं. “ऑर्फा, तुझ्या भिंतीची वरची ओळ माझ्या हाताला लागायची तर मला शिडी लागेल. माझा खांदा गेल्या वर्षी निखळला तेव्हापासून मी केससुद्धा वाकून विंचरते.”

हे खरं होतं. अ‍ॅडिनाला तो हात कानाच्या वर नेता येत नसे, आणि वरची ओळ लावायला ऑर्फाला स्वतःला स्टूल लागलं होतं.

“मग कुणी फिरवला?”

“तूच असशील. वयच तसं आहे आपलं. परवा मी चष्मा बर्फाच्या पेटीत ठेवला.”

“तुम्ही पन्नास वर्षांच्या होतात तेव्हाही ठेवला होतात.”

“हो, पण तेव्हा आठवत होतं कुठे ठेवलाय ते,” अ‍ॅडिना म्हणाली आणि दुसरा पाव घेतला.

ती गेल्यावर ऑर्फाने खोलीत डोकावलं. सगळं जागच्या जागी होतं. स्टूल मात्र भिंतीपाशी होतं. ते तिने परत खिडकीखाली ठेवलं होतं, अशी तिची समजूत होती. समजूतच, शपथ घ्यायला लावली असती तर तिने घेतली नसती.

३

शनिवारी दुपारी, ती अंगणात पायपुसणी झटकून आत आली तेवढ्या वेळात, तिसऱ्या ओळीतले दोन चौकोन फिरले. शेजारशेजारचे. वरच्या ओळीतला सरळच होता. नवे दोन गडद अर्धे एकमेकांना चिकटून एक उभा डाग झाला होता, ठिपक्यापेक्षा मोठा. तिने ते सरळ केले, आणि करताना मोठ्याने म्हणाली, “हे चालणार नाही.” शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं ती याच स्वरात हे वाक्य बोलत आली होती, आणि तेव्हा चालत नसे.

रविवारी चर्च सुटल्यावर तिचा मुलगा डेल्बर्ट जेवायला आला. पिकअपमधून फाटकात शिरतानाच त्याने स्टिअरिंगवरून तर्जनी उचलली. त्या भागात रस्त्यावर भेटलेल्या माणसाला असंच बोट उचलून नमस्कार करतात. बहुतेक जण सगळ्यांना मिळून एकदाच उचलतात. स्टकींच्या घरात मात्र दर माणशी एक. तिघं उभे असतील तर तीनदा. वॉल्डो तसं करी, आणि मुलगा शेती सोडून विम्याच्या कचेरीत गेला तरी तेवढा वारसा त्याने सांभाळला होता.

जेवणात व्हेरेनिके होते, चीज भरून उकडलेल्या करंज्यांसारखे. तीन खाऊन झाल्यावर त्याने काटा खाली ठेवला.

“आई, अ‍ॅडिनाआत्या म्हणत होती...”

“काय म्हणत होती ते मी तिच्या तोंडून ऐकलंय.”

“चौकोन आपोआप फिरतात असं तू म्हणतेस.”

“आपोआप फिरतात असं मी कधी म्हटलं? कुणीतरी फिरवतं. आपोआप फिरायला ते काय सूर्यफुलं आहेत?”

“मग कोण? दारं आतून बंद. कुत्रासुद्धा नाही तुझ्याकडे.” त्याने आवाज उतरवला. “आई, तू फिरवत असशील. फिरवून विसरत असशील. यात लाज कसली आहे?”

ऑर्फाने त्याच्या ताटात आणखी एक वाढला. यात लाज कसली आहे, असं जे विचारतात त्यांना ती नेमकी कसली आहे हे पक्कं माहीत असतं.

मग अपेक्षेप्रमाणे वृद्धाश्रम निघाला. चर्चचाच होता, स्वच्छ होता, तिथे तिच्या अर्ध्या मैत्रिणी होत्या. उरलेल्या अर्ध्या तिथूनच पुढे गेल्या होत्या. चौदा नंबरची खोली रिकामी झाली होती. तिची खिडकी गाड्या लावायच्या जागेकडे उघडे. संचालकांना गुरुवारपर्यंत उत्तर हवं होतं.

“आणि हे घर?”

“घर काय, विकता येईल. तू इथे एकटी, विसरायला लागलीस, उद्या चूल चालू राहिली तर?”

“बावीस वर्षं मी तीनशे पोरांना जेवायला घातलं. एकाचंही काही जळलं नाही.”

“तेव्हाचं वेगळं.”

“गुरुवारी बायका येतील,” ऑर्फा म्हणाली. “भिंत सरळ असेल. माझी मांडणी, मी मांडली तशी. असेल तर मी इथेच राहणार आणि हा विषय तू पुन्हा काढायचा नाहीस. नसेल तर तुझी ती खोली.”

डेल्बर्टने मान डोलावली. त्याला आईवर प्रेम होतं, आणि पैज आपणच जिंकणार याची खात्रीही होती. विमेवाल्यांना दोन्ही एकदम जमतं.

४

सोमवार हा धुण्याचा वार, पण तिने कपडे धुतले नाहीत. तिच्या लग्नानंतर असा सोमवार पहिलाच. खोलीसमोरच्या बोळात खुर्ची टाकून, दार उघडं ठेवून, ती विणायला बसली. बाहेर मार्चचा वारा होता. तिथला वारा खिडकीच्या चौकटीत बोटं घालून दिवसभर खडखड करतो. त्याच्याकडे कुणी लक्ष देत नाही. लख्ख ऊन होतं. पांढऱ्या पडद्यांमधून भिंतीवर येत होतं, आणि तास असे सरळ पडले होते, की तिचा तिलाच अभिमान वाटला आणि अ‍ॅडिनाची आठवण झाली.

अकरा वाजता फोन वाजला. स्वयंपाकघरातला फोन, बोळातून आठ पावलं. तिने जाऊन उचलला. पलीकडे शिवणमंडळातली एल्डा होती. गुरुवारी कॉफी कुणी आणायची, हा तिचा प्रश्न होता.

“मी करीन,” ऑर्फा म्हणाली. आणि मग तिला आवाज ऐकू आला.

खस्स.

फ्लॅनेलवरून सुती कापड सोलून काढताना होतो तो आवाज. तिच्याइतका तो गावात कुणालाच ओळखीचा नव्हता. मऊ, लहान. मग थोडी शांतता. तेवढ्यात माणूस तुकडा हातात फिरवतो. मग तळहाताने दाबल्याचा, त्याहून लहान आवाज. मग पुन्हा खस्स.

“ऑर्फा? आहेस का?”

“आहे,” ऑर्फा म्हणाली, आणि तिने मोजलं. चार.

आठ पावलांना तिला किती वेळ लागला ते तिला नंतर सांगता येईना. ती घाईने गेली नाही, एवढं खरं. स्वतःला ती सांगत होती, की माझ्याच घरात मी काय म्हणून पळायचं.

खोलीत कुणी नव्हतं. पाचव्या आणि सहाव्या ओळींत चार चौकोन फिरलेले होते, दोनावर दोन. जवळून पाहिलं तर नुसता गोंधळ, गडद पट्ट्यांची गर्दी. ती मागे हटत दारापर्यंत आली आणि, एकतीस वर्षांची सवय, दुर्बीण उलटी करून डोळ्यांना लावली.

भिंत लांब गेली. तिरके तास दूरवर पसरले. आणि त्या शेताच्या साधारण मध्यावर कुणीतरी उभं होतं.

तिने दुर्बीण काढली. चार चौकोन. दुर्बीण लावली. खांदे होते. डोकं थोडं पुढे झुकलेलं, नांगरलेल्या मातीतून चालताना पायाकडे बघावं लागतं तसं.

मग तिने हिशेब जुळवला, कारण तिला तो जुळवता येत होता आणि न जुळवणं अप्रामाणिकपणाचं झालं असतं. गुरुवारी सगळ्यात वर, क्षितिजापाशी, एक ठिपका. शनिवारी तिसऱ्या ओळीत, दुप्पट. आज सहावीपर्यंत. चालणारं माणूस जवळ येतं तसतसं ते खाली येतं आणि मोठं होतं.

“मूर्खपणा,” ऑर्फा म्हणाली. तिचे हात स्थिर होते. चारही चौकोन तिने सरळ केले. शेवटचा काढताना तो तिला किंचित ओलसर लागला, पण तिच्या तळव्यांना घाम आला होता, म्हणून ते पुराव्यात धरता येणार नव्हतं.

५

त्या संध्याकाळी तिने अ‍ॅडिनाला फोन केला. हे तिच्या जिवावर आलं होतं. अ‍ॅडिनाने सगळं ऐकून घेतलं, एकदाही न हसता, आणि तेच जास्त वाईट होतं.

“वॉल्डो असेल,” अ‍ॅडिना शेवटी म्हणाली.

“वन्सं, तुम्ही त्यांच्या बहीण आहात. वॉल्डो पेरलेल्या रानातून कधी चालले का?”

वॉल्डो स्टकी कडेकडेने अर्धा मैल वळसा घालून येई. मुलगा झाल्याचा निरोप शेतात पोचला तेव्हाही तो वळसा घालूनच आला होता, आणि ऑर्फाने ते त्याला बरीच वर्षं ऐकवलं होतं.

“नाही,” अ‍ॅडिना म्हणाली. “तो नाही चालायचा.” आणि जरा वेळाने, “दार नीट लाव हं.”

मंगळवारी ऑर्फाने टाचण्यांचा डबा काढला. प्रत्येक चौकोनाला चार, एकूण दोनशे अठ्ठ्याऐंशी. प्रत्येक टाचणी तिच्या पद्धतीने : कोपऱ्यापासून बोटभर आत, आडवी, डोकं डावीकडे. बाकीच्या बायका उभ्या टाचतात. डोकं डावीकडे ठेवणारी ती एकटीच, कारण ती डावखुरी होती. संध्याकाळपर्यंत बोटांची चाळण झाली, पण भिंत चिलखत घातल्यासारखी दिसू लागली.

बुधवारी सकाळी नऊ वाजता डेल्बर्ट आला, म्हणून दार दोघांनी मिळून उघडलं.

सोळा चौकोन फिरलेले होते, पाचव्या ओळीपासून आठव्यापर्यंत. त्यांच्याखाली आता एकच ओळ उरली होती, सगळ्यात खालची. आणि फिरवलेल्या प्रत्येक चौकोनाला चार टाचण्या होत्या : कोपऱ्यापासून बोटभर आत, आडव्या, डोकं डावीकडे.

डेल्बर्ट बराच वेळ त्या टाचण्यांकडे बघत राहिला. मग आईकडे न बघता म्हणाला, “आई, असं टाचणारं माणूस या जिल्ह्यात एकच आहे.”

ऑर्फाला आलेला संताप भीतीहून मोठा होता. कुणी घरात शिरावं, ठीक. शेतातून चालत यावं, तेही एक वेळ ठीक. पण तिचा हात उचलावा? एकतीस वर्षांत शिवणमंडळातल्या एकीलाही तो उचलता आला नव्हता, आणि या कोण जाणे कुणाने तो एका रात्रीत शिकून तिच्याच विरुद्ध साक्षीला उभा केला होता.

“कुलूप,” ती म्हणाली. “तुझ्या हाताने सरळ कर सगळे. मी सांगते तसे. मग दाराला कुलूप घाल आणि किल्ली घेऊन जा. खिडकीही खिळ्यांनी ठोक.”

“आई, कशाला उगाच—”

“पैज गुरुवारची आहे. आज बुधवार.”

त्याने केलं. सोळा चौकोन सरळ करायला त्याला तास लागला. दोनदा ती ओरडली, “दुसऱ्या बाजूला, डेल्बर्ट, शेत कधी पाहिलं नव्हतंस का?” मग त्याने खिडकी ठोकली, दाराला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. निघताना त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. चौदा नंबरच्या खोलीत आपण तिला कसं हळू बोलून नेऊ याचा सराव तो त्या हाताने करत होता, असं तिला वाटलं.

६

दुपारी तिने गुरुवारसाठी पाव मळायला घेतले. स्वयंपाकघरात ऊन होतं, रेडिओवर धान्याचे भाव चालले होते. साधारण दोन वाजता तिने रेडिओ बंद केला, कारण भावांच्या आकड्यांमधून ते येत होतं.

खस्स. थोडं थांबून, खस्स.

आता घाई होती त्यात. मोजायचा तिने प्रयत्न केला आणि तीसच्या पुढे सोडून दिला. पिठाचे हात तसेच घेऊन ती बोळात आली आणि बंद दारापुढे उभी राहिली. दाराखालच्या फटीतून ऊन येत होतं, पिवळं, जाड. मधून मधून ते तुटत होतं आणि पुन्हा सांधत होतं.

तिला वाटलं होतं आपण किंचाळू, किंवा निदान गुडघ्यावर येऊन प्रार्थना करू. पण ती म्हणाली, “त्यात चोवीस बायकांचं काम आहे. भुकेल्या माणसांसाठी आहे ते. चुरगळायचं नाही.”

आवाज थांबला.

मग चार वाजेपर्यंत तो अधूनमधून येत राहिला, पण हळू, आणि, हे तिला कबूल करावं लागलं, काळजीपूर्वक. चारला एक शेवटचा, लांब आवाज आला. एक चौकोन सोलल्याचा तो नव्हता. भिंतभर फ्लॅनेल एकदम ताणून कुणी सोडावं तसा होता. त्यानंतर काही नाही. फटीतलं ऊन अखंड झालं. वाराही पडला होता. ती खुर्चीवर बसून राहिली, पीठ बोटांवर वाळून भेगाळलं, आणि घरात एवढी शांतता होती, की पाव फुगतोय तेही ऐकू यावं.

७

गुरुवारी दहाला सहा बायका आल्या. त्यांत अ‍ॅडिना होती, एल्डा होती. डेल्बर्ट किल्ली घेऊन आला. त्याने कोट घातला होता. वाईट बातमीला तो कोट घालत असे.

दार उघडलं. खिळे जागच्या जागी होते. भिंत सरळ होती.

बहात्तरच्या बहात्तर. उजळ, गडद, उजळ, गडद. तास असे धावत होते, की एल्डाने नकळत त्या दिशेला मान तिरकी केली. टाचण्या आडव्या, डोकी डावीकडे.

“बाई गं,” एल्डा म्हणाली. “ऑर्फा, ही तुझी सगळ्यात चांगली.”

“एक तरी उलटा ठेवायचास,” अ‍ॅडिना म्हणाली, पण सवयीने. तिचं लक्ष ऑर्फाच्या चेहऱ्याकडे होतं.

डेल्बर्टने श्वास सोडला. विमेवाला असला तरी तो तिचा मुलगा होता आणि हरल्याचा आनंद त्याला लपवता आला नाही. “चुकलो आई. आजच कळवतो त्यांना. तू इथेच राहा, तुझ्या घरात. मी पुन्हा विषय काढणार नाही.”

ऑर्फाने दुर्बीण उलटी करून डोळ्यांना लावली. शेत लांब गेलं. तास या कडेपासून त्या कडेपर्यंत गेले होते. शेतात कुणी नव्हतं.

क्षितिजापाशी नव्हतं, मध्यावर नव्हतं, जवळ नव्हतं. बुधवारी त्याला ओलांडायची खालची एकच ओळ उरली होती.

“इथे किती माती आलीय,” एल्डा म्हणत होती. भिंतीच्या तळापासून दारापर्यंत फरशीवर काळ्या ढेकळांचा चुरा पडला होता. “मार्चच्या वाऱ्यापुढे कुणाचं चालत नाही. केरसुणी कुठे आहे?” आणि ऑर्फाने खाली वाकून नीट बघायच्या आत तिने ते झाडूनही टाकलं.

तेव्हा बोलता आलं असतं. डेल्बर्ट हातभर अंतरावर होता. मला इथे ठेवू नकोस, एवढंच म्हणायचं होतं. पण त्याचा अर्थ काय झाला असता, ते तिला दिसत होतं : कोट, हळू आवाज, चौदा नंबर. तिचंच डोकं फिरलं होतं यावर तिनेच सही केल्यासारखं झालं असतं. आपण खरं बोलत होतो हे आठवडाभर ओरडून सांगितल्यावर, नेमकं खरं ठरल्याच्या दिवशी, ते खोटं होतं म्हणून सांगायचं?

ती म्हणाली, “कॉफी घ्या.”

कॉफी झाली. चौकोनांना चिठ्ठ्या लावून, ओळीओळीने गठ्ठे बांधून बायका शिवायला घेऊन गेल्या. अ‍ॅडिनाची गाडी चालू होईना. ती अंगणातच सोडून अ‍ॅडिना एल्डाबरोबर गेली. जाताना ती ऑर्फाच्या कानाशी म्हणाली, “माझ्याकडे येतेस चार दिवस?”

“कशाला? मला काय झालंय?” ऑर्फा म्हणाली. शब्द तोंडातून गेल्यावर ते परत घ्यावेसे तिला वाटले. पण एल्डाची गाडी निघाली होती.

डेल्बर्ट खोलीतल्या खिडकीचे खिळे काढत होता, म्हणून तो सगळ्यात शेवटी निघाला. ऑर्फा ओसरीवर उभी राहिली. पिकअप फाटकातून वळून घरासमोरच्या रस्त्याला लागली. जाता जाता त्याने तिच्याकडे पाहिलं आणि स्टिअरिंगवरून तर्जनी उचलली. एकदा.

मग त्याची नजर तिच्यावरून पुढे सरकली, रस्त्याकडच्या खोलीच्या खिडकीकडे. त्याने पुन्हा तर्जनी उचलली, तेवढ्याच अदबीने, आणि निघून गेला.

धूळ खाली बसेपर्यंत ऑर्फा तशीच उभी होती. अंगणात अ‍ॅडिनाची गाडी आहे, तिने मनाशी म्हटलं. आत्या आत आहे असं त्याला वाटलं असेल. रिकाम्या खिडकीला बोट उचललं असेल. पण वॉल्डोने आयुष्यात कधी घराला बोट उचललं नव्हतं. माणसालाच उचलायचा, दर माणशी एक, आणि मुलगा त्याच्यावर गेला होता.

पाठीमागे दार होतं. दुसरीकडे जायला जागा नव्हती. ती तिने स्वतःच मोठ्या आवाजात नाकारली होती. घर तिचं होतं. पैज तिने जिंकली होती. तिला आतून पुन्हा तो जुना, ओळखीचा राग वर येताना जाणवला, आणि या खेपेला त्याच्याइतकं आधाराचं दुसरं काही नव्हतं. तिने जाळीचं दार उघडलं, उंबऱ्याबाहेरच थांबली, आणि शाळेच्या स्वयंपाकघरातल्या स्वरात म्हणाली :

“या घरात यायचं तर पाय पुसून यायचं.”

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग आत, बोळातल्या अंधुक उजेडात, रस्त्याकडच्या खोलीच्या दाराशी जे जाडं पायपुसणं होतं तिथून, सावकाश आणि अगदी आज्ञाधारकपणे, आवाज आला.

खस्स. आणि थोडं थांबून, दुसऱ्या पायाचा, खस्स.